दुष्काळाचे माप कोणाच्या हाती?

(पाचोरा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांपैकी २४ तालुक्यांत तो 'गंभीर' ठरला, १६ तालुक्यांत 'मध्यम'. जळगाव जिल्ह्यातील एकाच तालुक्याचे नाव त्या यादीत होते, ते चाळीसगावचे. पाचोरा त्यात नव्हता. दोन्ही तालुके गिरणेच्या एकाच खोऱ्यातले, एकाच रेल्वेमार्गावरचे, अजिंठा-सातमाळ्याच्या एकाच डोंगररांगेकडे पावसासाठी पाहणारे. पण एकाचा दुष्काळ कागदावर चढला आणि दुसऱ्याचा चढला नाही.

यादीत नाव असणे वा नसणे ही मानापमानाची बाब नव्हे. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यात जमीन महसुलात सूट मिळते, पीककर्जाचे पुनर्गठन होते, शेतीशी निगडित कर्जाची वसुली थांबते, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट मिळते, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ होते, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता येते, गरजेप्रमाणे टँकर लागतात आणि थकबाकीपायी पंपाची वीज तोडली जात नाही. शिवाय केंद्राच्या राष्ट्रीय आपत्ती निधीतून मदत मागायची, तर दुष्काळ 'गंभीर' असावा लागतो. 'मध्यम' चालत नाही. म्हणजे एका विशेषणावर हजारो कुटुंबांचे वर्ष अवलंबून असते.

त्याआधी पाच वर्षे, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी, १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. ११२ गंभीर, ३९ मध्यम. जळगाव जिल्ह्यातील १३ तालुके त्या यादीत होते आणि पाचोरा त्यांपैकी एक होता. २०१८ चा निर्णय बरोबर आणि २०२३ चा चूक, असे येथे म्हणावयाचे नाही. दोन्ही वर्षांचे पाऊसमान वेगळे होते. प्रश्न निराळाच आहे. २०१८ साली तालुका यादीत का बसला आणि २०२३ साली का बसला नाही, हे पाचोऱ्याच्या सामान्य शेतकऱ्याला, शेतमजुराला, हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला कोणी कधी समजावून सांगितले काय? कोणते आकडे मोजले गेले, कोठे मोजले गेले, कोणी मोजले, हे कोणत्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिले गेले काय? दुष्काळ ज्याच्यावर येतो त्याला दुष्काळाचे माप ठाऊक नसावे, ही व्यवस्था लोकशाहीत शोभणारी नाही.

आण्यापासून पैशापर्यंत

दुष्काळ मोजण्याची सरकारी पद्धत इंग्रजांनी घालून दिली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्या संहितांत दुष्काळाची पूर्वचिन्हे सांगितली होती : धान्याचे भाव चढणे, सावकाराने हात आखडणे, दानधर्म आटणे, लोकांनी कामाच्या शोधात भटकू लागणे. चिन्हे दिसली की सरकार चाचणीची कामे काढी. खडी फोडण्याच्या कामावर, पोटापुरत्या मजुरीवर किती माणसे येतात ते पाहावयाचे. पुष्कळ आली तर दुष्काळ खरा. भुकेची परीक्षा भुकेल्याच्या घामाने घेणारी ही पद्धत निर्दय होती. पण तिच्यात एक गोष्ट खरी होती. पीक किती बुडाले याइतकेच, पोटासाठी किती माणसे बाहेर पडली याला ती महत्त्व देत होती.

शेतसाऱ्यासाठी मात्र दुसरे माप होते, ते आणेवारीचे. पूर्ण पीक म्हणजे १६ आणे. मुंबई इलाख्यात पीक ४ आण्यांपेक्षा कमी आले, तर त्या वर्षाचा सारा तहकूब करण्याचा नियम होता. १९१८ चा खेडा सत्याग्रह याच मापावरून झाला, हे पुष्कळदा विसरले जाते. सरकारी अंमलदार म्हणत, पीक ४ आण्यांहून अधिक आहे. शेतकरी म्हणत, कमी आहे. गांधीजींची मागणी होती की, तंटा पंचांकडे द्यावा. सरकारला ती उद्धटपणाची वाटली. आणेवारी ठरविणारा सरकारचा नोकर, सारा वसूल करणारेही सरकारच, आणि त्यावर दाद मागावयाची तीही सरकारकडेच, असा तो न्याय होता. खानदेशालाही हा झगडा नवा नाही. १९३८ साली अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक काढणाऱ्या साने गुरुजींनी पूर्व खानदेशात पिके बुडाल्यावर सारामाफीसाठी रान उठविले, तेव्हा प्रांतात सरकार काँग्रेसचेच होते. राज्यकर्ते स्वकीय झाले म्हणून माप आपोआप न्याय्य होत नाही.

स्वातंत्र्यानंतर आणे गेले, पैसे आले. आणेवारीची पैसेवारी झाली. पद्धत तीच राहिली. गावातील निवडक शेतांत दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद तुकडा आखून त्यातले पीक कापावयाचे, वजन करावयाचे, आणि त्याची प्रमाण उत्पादनाशी तुलना करावयाची. तलाठी, मंडळ अधिकारी, ग्रामसेवक, सरपंच, गावातील शेतकरी असे समितीत असत. आधी हंगामी, मग सुधारित आणि शेवटी डिसेंबरच्या मध्यास अंतिम पैसेवारी जाहीर होई. ५० पैशांच्या खाली गाव आले, तर टंचाई; वर राहिले, तर नाही. ४९ आणि ५१ यांच्यामधल्या दोन पैशांत किती दडपणे येत, किती विनवण्या होत, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही.

पैसेवारीचे दोष स्पष्ट होते. ती उशिरा येई. ती पीक मोजी, पाणी मोजीत नसे. विहीर कोरडी पडली तरी कापसाची बोंडे बरी फुटली असतील, तर गाव सुखी ठरे. आणि सर्वांत मोठा दोष असा की, ज्याच्या नावावर शेतच नाही तो शेतमजूर या मापात कोठेच नसे. पीक बुडाल्यावर पहिली मजुरी त्याची बुडते. पण त्याच्या बुडालेल्या मजुरीची पैसेवारी कोणी काढली नाही.

ती उणीव १९७२ च्या दुष्काळाने उघडी पाडली. त्या दुष्काळात, मे १९७३ मध्ये, महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. जी कामे इंग्रजांच्या काळी कृपा म्हणून निघत, ती येथे लोकांच्या मागणीतून निघाली; मोर्चे, घेराव, चळवळी यांतून निघाली. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणाऱ्याची नोंद हेच दुष्काळाचे एक माप आहे, आणि ते माणसाच्या हक्कातून निघणारे माप आहे, ही या कायद्याची खरी शिकवण होती.

शब्दांचा खेळ

मापाइतकाच शब्दही महत्त्वाचा असतो. १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायदा करून राज्यातील कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला. अन्नावाचून माणसे मरू देणार नाही, अशी हमी त्यामागे होती. ती भूमिका चांगली होती. पण शब्द गेला म्हणून वस्तू गेली नाही. त्यानंतर 'टंचाई' आली, मग 'टंचाईसदृश', मग 'दुष्काळसदृश परिस्थिती'. 'सदृश' या एका शब्दाच्या आड प्रशासनाने किती वर्षे आसरा घेतला! अखेर २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात प्रश्न गेल्यावर 'दुष्काळसदृश' याऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, असे शासनाला मान्य करावे लागले. त्याच वर्षी ११ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेवर निर्णय देताना, दुष्काळ कबूल करण्यास टाळाटाळ करणाऱ्या राज्यांची कानउघाडणी केली आणि केंद्राला दुष्काळ व्यवस्थापनाची संहिता नव्याने करावयास सांगितले.

तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये तो शब्द परत आला. ४० तालुक्यांबाहेरच्या, एक हजाराच्या आसपास महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर झाली. जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि ७५० मिलिमीटरहूनही कमी, ही त्याची कसोटी होती. सवलती दिल्या, हे योग्यच झाले. पण गावकऱ्याला एवढेच कळले की, दुष्काळ दोन प्रकारचे असतात, एक खरा आणि एक त्याच्यासारखा दिसणारा.

आकाशातला डोळा

न्यायालयाच्या आदेशानंतर २०१६ च्या अखेरीस नवी संहिता आली आणि महाराष्ट्राने ती २०१७ पासून लागू केली. पैसेवारीचा दुष्काळ ठरविण्याशी असलेला संबंध संपला. आता प्रथम पाऊस पाहतात : सरासरीच्या तुलनेत किती पडला आणि मध्ये किती आठवड्यांचा खंड पडला. ही पहिली कळ. ती लागली तर दुसरी : पेरणी किती झाली, उपग्रहाच्या चित्रांत पिकांची हिरवाई किती दिसते, जमिनीत ओल किती आहे, धरणे व भूजल यांची स्थिती काय आहे. यांतही तालुका अडकला, तर दहा टक्के गावे निवडून प्रत्यक्ष शेतावर पाहणी होते. एक तृतीयांशाहून अधिक नुकसान असेल तर मध्यम, निम्म्याहून अधिक असेल तर गंभीर. खरिपाचा निर्णय ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत घ्यावयाचा.

या पद्धतीत काही चांगले आहे, हे मान्य केले पाहिजे. ती डिसेंबरची वाट पाहत नाही. ती पिकापलीकडे पाणी, ओल आणि भूजल पाहते. आमदाराच्या शिफारशीने उपग्रहाचे चित्र हिरव्याचे पिवळे होत नाही. जुन्या पद्धतीचे गोडवे गाऊन नवीला झोडपणे हा कार्यकर्त्यांचा मार्ग असू नये.

पण येथे एक मोलाची गोष्ट हरवली. पैसेवारीचा तुकडा गावाच्या शिवारात आखला जाई. चार शेजारी बांधावर उभे राहून वजन पाहत. आकडा खोटा वाटला तर हरकत घेण्याची सोय होती. आता निर्देशांक नागपूरच्या, हैदराबादच्या संगणकावर तयार होतो. शंभरातील नव्वद गावांच्या शेतात कोणी पाऊलही ठेवीत नाही. तालुका पहिल्या कळीतच गळाला, तर पुढचे काही मोजण्याची गरजच उरत नाही. आणि सरासरी ही मोठी फसवी वस्तू आहे. २०२३ चेच पाहावे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. आकडा ऐकून कोणी चिंता करणार नाही. पण त्याच पावसाळ्यातला ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्या एका महिन्यात ३६ टक्के तूट होती. कापूस पात्या-फुलांवर असतो, ज्वारी-मक्याला ओल हवी असते, ते नेमके हेच दिवस. सप्टेंबरच्या पावसाने बेरीज भरून निघते, पीक भरून निघत नाही.

मंडळाच्या पर्जन्यमापकाचीही तीच गत. एका मंडळात दहा-वीस गावे असतात. डोंगराकडच्या गावात सर कोसळते, नदीकाठच्या गावात धूळ उडत राहते. यंत्र एका ठिकाणी उभे असते, आणि त्याच्या पात्रात पडेल तोच सगळ्या गावांचा पाऊस ठरतो.

पाऊस कमी, की वाटणी वाकडी?

येथे थोडे गणित केले पाहिजे. कारण पाण्याच्या प्रश्नावर घोषणांइतकीच गणिताची गरज आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले. जळगाव जिल्ह्यात वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. एक हजार हेक्टर शिवाराच्या गावावर असा पाऊस पडला, तर ते पाणी होते ६५० कोटी लिटर. त्या गावाची वस्ती दोन हजार धरली आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यावयाचे म्हटले, तर वर्षाला लागते सुमारे ४ कोटी लिटर. म्हणजे पडणाऱ्या पाण्याच्या शंभरातला एक भागही नव्हे. पाऊस निम्म्यावर आला, तरी पिण्याची गरज शंभरात सव्वा भागाच्या पुढे जात नाही. उलट प्रवाही पद्धतीने भिजविलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागते. दोन हेक्टर ऊस आणि दोन हजार माणसांचे वर्षभराचे पाणी, असा हा हिशेब बरोबरीत सुटतो.

पडलेले सगळे पाणी हाती येत नाही, हे खरे. काही वाहून जाते, काही उन्हाने उडते, काही पिके पितात. तरीही या हिशेबातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. पिकाचा दुष्काळ आभाळातून येऊ शकतो. पिण्याच्या पाण्याचा दुष्काळ बहुतांशी जमिनीवर घडविला जातो. तो वाटणीचा, साठवणीचा आणि अग्रक्रमाचा दुष्काळ असतो. म्हणूनच त्याचे माप वेळेवर सर्वांसमोर मांडणे हे राजकीय काम आहे. ज्यांच्या विहिरी खोल आहेत, ज्यांचे कूपनलिकांचे पंप रात्रंदिवस चालतात, त्यांना माप झाकलेले सोयीचे असते. ज्यांची भिस्त सार्वजनिक नळावर आणि गावविहिरीवर आहे, त्या दलित वस्तीला, भूमिहीनाला, विधवेला माप उघडे हवे असते.

गिरणेचे टक्के

आता पाचोऱ्याच्या पाण्याकडे वळावे. तालुक्यात हिवरा, बहुळा, अग्नावती हे मध्यम प्रकल्प आहेत. पण सगळ्यांचे डोळे लागलेले असतात ते वर, नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात असलेल्या गिरणा धरणाकडे. १९६९ साली पूर्ण झालेल्या या धरणावर शेतीची आवर्तने तर अवलंबून आहेतच, पण मालेगावपासून जळगाव जिल्ह्याच्या गिरणाकाठापर्यंतची शहरे आणि शेकडो खेडी पिण्यासाठीही अवलंबून आहेत. उन्हाळ्यात नदीपात्रात पाणी सोडले की काठच्या विहिरींना पाझर फुटतो. २०१९ ते २०२२ अशी सलग चार वर्षे धरण भरले. २०२३ मध्ये ते भरले नाही.

पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रांत आकडा येतो : 'गिरणा ४० टक्के'. या टक्क्यांचा अर्थ किती जणांना सांगितला गेला आहे? धरणाचा एकूण साठा सुमारे २१,५०० दशलक्ष घनफूट. त्यातील सुमारे ३,००० दशलक्ष घनफूट मृतसाठा, म्हणजे दरवाजाच्या तळाखालचे, सहजी बाहेर न येणारे पाणी. उरलेला १८,५०० हा उपयुक्त साठा, आणि टक्के मोजतात ते याचे. म्हणून 'शून्य टक्के' म्हणजे धरण कोरडे नव्हे. आणि '४० टक्के' म्हणजे ते सारे पाणी पाचोऱ्याच्या वाट्याचे, असेही नव्हे. एक दिवस दीड हजार क्युसेकने पाणी सोडले, तर सुमारे १३० दशलक्ष घनफूट पाणी जाते. त्यातले काही वाळू पिते, काही ऊन पिते, काही वाटेतले पंप पितात. शेवटच्या गावाला उरते ते पाणी, आणि पुष्कळदा नुसती ओली वाळू.

शासन आकडा देत नाही, असे नाही. शासन आकडा देते. पण तो दशलक्ष घनमीटरमध्ये, क्युसेकमध्ये, टक्क्यांत देते. गावाला हवे असते ते दुसरेच. आजचा साठा पिण्यापुरता किती दिवस पुरेल? पुढचे आवर्तन कोणत्या तारखेला सुटेल आणि अमुक बंधाऱ्याशी कधी पोहोचेल? शेतीला किती आवर्तने मिळणार? दोन की तीन, हे कापसानंतर हरभरा घ्यावा की गहू, हे ठरविण्याआधी कळले पाहिजे. गहू पोटरीला आल्यावर कळून काय उपयोग? पूर्वी गावात कोतवाल दवंडी देई. दवंडीत तारीख असे, जागा असे, आणि ती निरक्षर म्हातारीलाही कळे. आजच्या प्रसिद्धिपत्रकाला दवंडीइतकाही अर्थ उरलेला नाही.

विहिरीचा दोर

धरणाहूनही अवघड गोष्ट भूजलाची, कारण ते दिसत नाही. तापीच्या उत्तर काठी रावेर-यावलकडे गाळाची खोल जमीन आहे. पाचोऱ्याकडे काळा पाषाण आहे. या पाषाणात पाणी साठते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. म्हणून एका विहिरीला पाणी आणि पन्नास पावलांवरची कोरडी, असे येथे नित्य दिसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील सुमारे चार हजार निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, मोजते. मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. जेथे पाऊस वीस टक्क्यांहून अधिक घटला आणि पातळी एक मीटरहून अधिक खाली गेली, तेथे टंचाईचा अंदाज वर्तविते. काम शास्त्रशुद्ध आहे. पण राज्यात गावे चाळीस हजारांहून अधिक आहेत. म्हणजे सरासरीने दहा गावांत एक विहीर. उरलेल्या नऊ गावांनी काय करावे?

आणि अंदाज झाल्यावर पुढे काय होते? टंचाई कृती आराखडा तयार होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत. त्यात विहिरींचा गाळ काढणे, विंधन विहिरी, नळयोजनांची दुरुस्ती, खासगी विहिरींचे अधिग्रहण, आणि अखेरीस टँकर. ऑक्टोबरमध्येच कळलेल्या टंचाईवर ऑक्टोबरमध्ये गाळ काढला, तर मे महिन्यात टँकर कमी लागतील. प्रत्यक्षात आराखडा कपाटात राहतो आणि टँकर रस्त्यावर येतो. टँकरच्या पाण्याचे प्रमाण माणशी २० लिटर. दोन हजार वस्तीला रोज ४० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या चार खेपा. हा साधा भागाकार गावातील प्रत्येक बाईला ठाऊक असेल, तर तीन खेपा होऊन चार लिहिल्या जाणार नाहीत. खेपांच्या नोंदवहीवर गावातील महिलांच्या सह्या घेण्याची पद्धत आहे. पण सही करणारीला किती खेपांवर सही करावयाची हे माहीत नसेल, तर ती सही म्हणजे अंगठाच.

गावाने मोजावे

याला उपाय नाही असे नाही. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने तो दाखविला आहे. तेथे गाव स्वतः पाऊस मोजते, विहिरींची पातळी मोजते, आणि पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढतात. उरेल त्यावर पिके ठरतात. पाऊस कमी झाला तर कोणते पीक घ्यावयाचे नाही, हे सर्वांच्या देखत ठरते. आंध्र प्रदेशातील कोरडवाहू जिल्ह्यांतही शेतकऱ्यांनी आपल्या विहिरी आपणच मोजण्याचे प्रयोग झाले. २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने हीच कल्पना सरकारी चौकटीत आणली, आणि त्या योजनेत जळगाव जिल्ह्याचाही समावेश झाला. पण योजना येतात आणि मुदत संपली की जातात. गावाची सवय झाली, तरच ती गोष्ट टिकते.

ती सवय लावणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक ठेवावा. रोज सकाळी ठरल्या वेळी मुलांनी पाऊस मोजून लिहावा. गावातील चार विहिरी निवडाव्यात : एक डोंगराकडची, एक ओढ्याकाठची, एक गावठाणातली, एक दलित वस्तीतली. मीटरच्या खुणा केलेला दोर घेऊन महिन्याच्या ठरल्या तारखेला, पंप बंद असताना, पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. जुनी माणसे विहीर परसांत मोजत. दोर तोच आहे, खुणा तेवढ्या बदलावयाच्या. हे सारे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे : या महिन्याचा पाऊस, गेल्या वर्षीचा याच महिन्याचा पाऊस, चार विहिरींची पातळी, पिण्याचे पाणी किती दिवसांचे, आवर्तनाची तारीख, टँकरच्या मंजूर खेपा आणि झालेल्या खेपा. खाली मोजणाऱ्याचे नाव लिहावे, म्हणजे आकड्याला जबाबदारी येईल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दर आठवड्याला ध्वनिक्षेपकावरून ते वाचून दाखवावे. वरखेडीच्या बाजारात गुरे किती उतरली आणि भाव किती पडला, गावातून किती कुटुंबे कामासाठी बाहेर पडली, रोजगार हमीवर किती जणांनी काम मागितले, याचीही नोंद त्याच वहीत असावी. चारा संपला की शेतकरी बैल विकतो. हे चिन्ह उपग्रहाला दिसत नाही.

त्याबरोबर शासनाकडे तीन मागण्या ठामपणे केल्या पाहिजेत. पहिली : प्रत्येक तालुक्याचे दुष्काळाचे सर्व निर्देशांक, तालुका यादीत असो वा नसो, निर्णयाच्या दिवशीच तहसील कचेरीत व प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठीत लावावेत. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने कलम ४ अन्वये असे स्वतःहून प्रसिद्ध करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. दुसरी : गावाने रीतसर ठेवलेली नोंद हरकतीचा पुरावा म्हणून स्वीकारली जावी आणि हरकतीला लेखी, कारणांसह उत्तर मिळावे. तिसरी : टंचाईचा आराखडा ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे वाचून मंजूर व्हावा, मे महिन्यात टँकरमागे धावताना नव्हे.

कोणी म्हणेल, गावाचे लोक आपल्या फायद्यासाठी खोटे मोजतील. मोजतील कदाचित. पण भिंतीवर लिहिलेला खोटा आकडा दुसऱ्या दिवशी कोणीही दोर टाकून खोडू शकतो. कचेरीतल्या संगणकातला चुकीचा आकडा खोडण्याची ताकद गावात कोणाकडे आहे? उघडे माप चुकू शकते, पण ते दुरुस्त होते. झाकलेले माप बरोबर असले, तरी त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. खेड्याच्या शेतकऱ्यांनी १९१८ साली मागितले होते ते एवढेच : आमचे पीक आमच्या देखत मोजा. शंभरावर वर्षे लोटली. आता मागणी पाण्यापर्यंत आली आहे, आणि तिच्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. मृग नक्षत्र लागण्याआधी पाचोरा तालुक्यातील पन्नास गावांच्या भिंती रंगवून, रकाने आखून तयार असल्या पाहिजेत. पहिला पाऊस पडेल त्या सकाळी त्यांवर पहिला आकडा चढावा.